दुखायच्या आधीची गोळी

नाइंगनच्या पुढची मेंढ्या कातरायची शेड,
सोमवार ते बुधवार, भांडी झाल्यावर जसं जमेल तसं

प्रिय टेगन,

आधी तुझ्या लेकीची खबर सांगते, नाहीतर तू मधली पानं उलटून तीच शोधत बसशील. मार्नी खुशीत आहे. आठ महिन्यांच्या माणसाला खुशीत राहायला लागतं काय, तर एक लाकडी डाव, एक उपडं पातेलं आणि कौतुकाने बघायला अकरा माणसं. काल ती पहिल्यांदा पुढे रांगली. आतापर्यंत नुसती मागे मागे सरकत होती ना, गाडी रिव्हर्समध्ये अडकल्यासारखी? काल टेबलाखाली भोपळ्याच्या स्कोनचा तुकडा पडला होता, तो हिला दिसला, आणि पोरगी सरळ पुढे निघाली. म्हातारा स्नो ओरडला, "अरे बघा, बघा, हिला पुढचा गिअर सापडला!" झालं, सगळे चहा सोडून टेबलाखाली वाकले. अकरा गडी, त्यातले निम्मे कंबरदुखीवाले, आणि सगळे गुडघ्यांवर. तो तुकडा तिच्या तोंडात जायच्या आत मी काढून घेतला, हेही लिहून ठेवते. तू विचारणारच.

तुझ्या दुधाच्या पिशव्यांची पण एक गंमत झाली. मी त्या मोठ्या फ्रिजमध्ये चॉप्सच्या ट्रेशेजारी नीट रचून ठेवल्यात, वर कागद चिकटवलाय, "हात लावाल तर याद राखा". पण सोमवारी सकाळी एक पिशवी वितळवून कपात काढली आणि बाईसाहेबांचं लंगोट बदलायला गेले. परत येते तर स्नोचा चहा तयार. एक घोट घेतो, बघतो कपात, पुन्हा एक घोट घेतो. म्हणतो, "रेलीन, आजचं दूध जरा गोडसर आहे. कुठल्या गाईचं?" मी म्हटलं, "टेगनचं." आणि तुझा बाबा, जो दिवसाला मोजून तीन वाक्यं बोलतो, त्याने त्यातलं एक तिथे खर्च केलं. म्हणाला, "मग स्नो, आजपासून तू माझा नातू." तेव्हापासून स्नो काळा चहा पितोय आणि गडी त्याला जेवताना लाळेरं बांधायला निघालेत. बासष्ट वर्षांचा माणूस, कानापर्यंत लाल.

हे सगळं हाताने लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तेराव्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. त्यानंतर मी लिहिलं काय, तर पिठाच्या पोत्यांच्या याद्या आणि तुझ्या शाळेला चिठ्ठ्या, "टेगनला ताप होता", त्याही निम्म्या खोट्या. एवढं लांब तर जन्मात लिहिलं नाही. पण लिहायला बसले आणि मजाच वाटायला लागली. एक गोष्ट लिहावी तर तिच्या मागून दुसरी येते, एक मेंढी फाटकातून गेली की बाकीच्या आपोआप जातात तशी.

आता तुझ्याकडे येते. रविवारी तू बाळाला माझ्या हातात दिलंस, जॅरड मागे गाडीतली तिची खुर्ची सोडवत होता, आणि तू हळूच म्हणालीस, "आई, गर्भ पाडायच्या निर्णयाचं मला काही वाटत नाही. सात आठवडे झालेत, मार्नीला अजून पाजतेय, आमचं दोघांचं ठरलंय. मला फक्त दुखण्याची भीती वाटते." तिथवर ठीक होतं. भीती वाटणारच. मार्नीच्या वेळी एकतीस तास तू काढलेस आणि भूल द्यायला माणूस आला तेव्हा काम जवळजवळ उरकलं होतं. पण मग तू दुसरं बोललीस. म्हणालीस, "मार्नीसाठी एवढं सोसलं. मग याच्यासाठी मी गोळ्या घेऊन आरामात पडायचं? बरं दिसतं का ते?" मी तुला शपथ घातली, म्हणून सकाळी साडेसहाला टोस्टबरोबर दुखण्याच्या गोळ्या घ्यायचं तू कबूल केलंस. जॅरड त्या हातावर ठेवणार आहे आणि गिळेपर्यंत समोरून हलणार नाही, तसं त्याच्याकडून मी वेगळं कबूल करून घेतलंय. पण पुढच्या गोळ्या तू घेणार नाहीस. कबूल करताना तू माझ्याकडे बघत नव्हतीस, मार्नीच्या टोपीच्या नाड्या बांधत होतीस. त्या आधीच बांधलेल्या होत्या. मला तुझी काळजी आहे ती एवढीच, साडेसहाच्या नंतरची.

म्हणून तुला एका स्वयंपाकिणीची गोष्ट सांगते. माझ्या ओळखीची. शेडवर रांधायची, वय सेहेचाळीस, पोरं मोठी झालेली. तिला वाटलं, पाळी गेली, सुटलो एकदाचे. तर ती गेलेली नव्हती... जाऊ दे बाई, मला खोटं लिहिताच येत नाही, आणि तू पहिल्याच ओळीला ओळखलं असशील. ती मीच. तीन वर्षं झाली. तुला वाटतं ना, त्या वर्षी तुझ्या वाढदिवसाला मी मटणाची शिळी पाई खाऊन आडवी झाले म्हणून आले नाही? पाई ताजी होती. बिचाऱ्या बेकरीवाल्याला तू अजून नावं ठेवतेस, तेवढं आता बंद कर.

तुला सांगितलं का नाही, असं विचारशील. माहीत नाही. तुझ्या बाबाला आणि मला एका मिनिटात पटलं होतं. मी सांगितलं, त्याने टोपी काढली, परत घातली आणि म्हणाला, "तू म्हणशील तसं, रेलीन." लाज नव्हती, रडू नव्हतं. मग तुझ्यापासून का लपवलं? मी यावर पुष्कळ विचार केला, बटाटे सोलताना करते तसा. वाटतं, आपल्या घरात दुखण्याबद्दल बोलायची पद्धतच नाही, आणि हे सांगायचं म्हणजे ते सांगावं लागलं असतं.

तुझ्या पणजोबांपासूनची रीत आहे ती. माझा बाप चाळीस वर्षं मेंढ्या कातरायचा. त्याचा नियम होता, कामाच्या आधी दुखण्याची गोळी नाही. गोळी संध्याकाळी, शेवटची घंटा झाल्यावर. त्याला कारणही होतं, उगाच ताठा नव्हता. सकाळी गोळी घेतली तर कंबर बधिर होते, मग माणूस नको तसा वाकतो, नको तेवढं ओढतो, आणि संध्याकाळी सरळच होत नाही. दुखणं त्याला थांब म्हणून सांगायचं, म्हणून दुखणं त्याला हवं होतं. शेडमधली सगळी माणसं अशीच. तुझा बाबाही गोळीचं पाकीट खिशात घेऊन फिरतो आणि फोडत नाही. आता ही रीत कंबरेसाठी आहे. मी ती पोटाला लावली.

म्हणजे काय केलं, ऐक. माझ्याबरोबर फोनवर दवाखान्याची जी नर्स होती, इमेल्डा तिचं नाव, फिलिपिन्सची, हसली की फोन थरथरायचा, तिने मला सगळं स्वच्छ सांगितलं होतं. कागदावर मोठ्या अक्षरात छापलेलंही होतं, मी बोट ठेवून ठेवून वाचलं होतं. पोट आवळायच्या गोळ्यांच्या आधी दुखण्याची गोळी. आधी. आणि मी? मी ती नाही घेतली. म्हटलं, बघू, दुखलं की घेऊ. नऊ वाजता पोटात जरा मुरडा आला. म्हटलं, हे काय, एवढंच? मी उठून पावाचं पीठ मळायला घेतलं, खोटं नाही. साडेनऊला पीठ तसंच टाकलं. दहाला मी न्हाणीघरात जमिनीवर, गाल फरशीला लावून, आणि मला फरशी इतकी आवडायला लागली होती की काय सांगू. तेव्हा गोळ्या घेतल्या, त्या उलटून पडल्या. तुझ्या बाबाने इमेल्डाला फोन लावून माझ्या कानाशी धरला. ती म्हणाली, "रेलीन, आधीच्या गोळ्या कधी घेतल्यास?" मी म्हटलं, "ठेवल्यात. म्हटलं वेळ आली की घेऊ." ती म्हणाली, "अगं बाई, आणि आता कुठली वेळ यायची राहिलीय?"

मला त्या अवस्थेत हसू आलं. हसताना आणखी दुखलं. मग तिने एक एक करून सांगितलं. आधी उलटीची गोळी, जिभेवर विरघळणारी. ती लागू पडेपर्यंत थांब. मग पुन्हा दुखण्याच्या, थोड्या पाण्याबरोबर. गहू भरलेली शेकायची पिशवी गरम करून पोटावर, दुसरी कंबरेवर. तुझा बाबा पिशव्या गरम करत बसला, एकदा एवढी गरम केली की गहू भाजून घरभर टोस्टचा वास सुटला. पडून राहवेना म्हणून मी ओट्याला धरून उभी राहिले आणि कंबर हलवत राहिले, तेव्हा बरं वाटलं. साडेबारापर्यंत उतरलं सगळं. आणि उतरलं ते असं, की एकदम. मी त्याच दुपारी एक वाटी सूप आणि तीन बिस्किटं खाल्ली.

तुझं असं होणार नाही, कारण तू आधी घेतल्यास. तेच तर सांगतेय. माझं दुखणं फुकटचं होतं.

आता माझं डोकं तुला माहीत आहे. बरं वाटल्याबरोबर प्रश्न सुरू. दुसऱ्या दिवशी इमेल्डाने चौकशीला फोन केला तर मीच तिची चौकशी केली. म्हटलं, मला एक सांग, आधी गोळी घेतली तर लागते आणि नंतर घेतली तर लागत नाही, असं का? गोळी तर तीच आहे. ती म्हणाली, आपलं अंगच एक रस तयार करतं. तो गर्भपिशवीला सांगतो आवळ, आणि तोच आजूबाजूच्या नसांना सांगतो दुखू दे. आयब्युप्रोफेन काय करतं, तर तो रस तयारच होऊ देत नाही. पण जो आधीच तयार होऊन पसरलाय त्याला ती काही करू शकत नाही. मी म्हटलं, म्हणजे फाटक मेंढ्या आत असताना लावायचं, बाहेर गेल्यावर लावून काय उपयोग? ती म्हणाली, मी हे उद्यापासून सगळ्यांना असंच सांगणार. सांगत असेल की काय कोण जाणे.

मग मी म्हटलं, थांब, दुसरा प्रश्न. रस थांबवला तर मग पिशवी आवळायची पण थांबेल, म्हणजे काम अर्धवट राहील? यावर ती म्हणाली, "रेलीन, तू किती शिकलीस?" म्हटलं, तेराव्या वर्षापर्यंत. म्हणाली, हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता, त्यांनी नीट तपासून बघितलंय. आवळायचं काम गालात धरायच्या त्या गोळ्या स्वतः करतात, त्यांना अंगातल्या रसाची वाट बघावी लागत नाही. दुखण्याच्या गोळीने काम अडत नाही, फक्त दुखणं कमी होतं. मला एवढं बरं वाटलं हे ऐकून. डॉक्टरांना पडलेला प्रश्न मला चुलीवरच्या कढईपुढे उभं राहून पडला होता.

आणखी विचारलं. मांड्या का भरून आल्या? एकाच रस्त्याच्या नसा आहेत म्हणून. हुडहुडी का भरली, बाहेर ऊन असून? त्याच गोळ्यांनी भरते, पोटही सुटतं, तास दोन तासांत जातं. तेव्हा तुला कापरं भरलं तर घाबरू नकोस, रजई घे. शेकण्याने का बरं वाटतं? गरम वाटल्याची बातमी दुखण्याच्या बातमीला ढकलून पुढे घुसते. माझं आवडतं उत्तर हेच. मी हे स्नोला सांगितलं, कशासाठी ते न सांगता, आणि तो आता कंबरेला गव्हाची पिशवी बांधून कातरतो. शेडच्या इतिहासात पहिला माणूस.

दिसेल काय, हेही विचारलं होतं मी. सांगू ना? तू माझीच आहेस, तुलाही जाणून घ्यायचं असेल. रक्त पाळीहून जास्त, गुठळ्या, कधी लिंबाएवढ्या. सात आठवड्यांना त्याहून वेगळं ओळखू येण्यासारखं बहुधा काही नसतं. बघायचं तर बघ, नको तर नको, दोन्ही चालतं. मी बघितलं. बघून मला जे वाटलं ते फार साधं होतं. वाटलं, झालं. बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता.

आता घड्याळाचं. तुझ्या नर्सने तुला वेळा लिहून दिल्यात, त्या मी जॅरडकडून फोनवर पाठ करून घेतल्यात. साडेसहाला दोन्ही. साडेदहाला पॅरासिटामॉल. साडेबाराला आयब्युप्रोफेन, काहीतरी खाऊन. पुढच्याही कागदावर आहेत, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही. पाजतेस म्हणून त्या झोप आणणाऱ्या गोळ्या तुला दिल्या नाहीत, त्या कुणाकडून मागून घेऊ नकोस. ऍस्पिरिन नको, जॅरडच्या आईने आणून दिलं तरी नको, त्याने रक्त जास्त जातं. छाती भरून आली तर पिळून काढ. आणि हे नीट वाच, दोनदा वाच. तासाला दोन मोठे पॅड भिजले आणि असं ओळीने दोन तास चाललं, ताप चढून राहिला, किंवा गोळ्या घेऊनही दुखणं ऐकेना, तर मला फोन करायचा नाही, त्या कागदावरच्या नंबरला करायचा आणि जॅरडने गाडी काढायची. मी तीन तासांवर आहे. हॉस्पिटल तुझ्यापासून दहा मिनिटांवर आहे.

पण साडेदहाला तुला काय वाटेल, ते मला माहीत आहे. वाटेल, एवढं काही नाही, सोसवतंय, राहू दे. आणि तिथेच चुकतं. टेगन, तू शेडमध्ये वाढलीस. साडेनऊची घंटा होते तेव्हा काय होतं? मशीन बंद. समोर अर्धी कातरलेली मेंढी असेल तर ती उरकायची आणि सरळ व्हायचं. घंटा कुणाला विचारते का, की बाबा रे, तू पुरेसा दमलास का? तुझी विश्रांती घ्यायची लायकी झाली का? स्नोसारखा माणूस, ज्याने गुडघा फुटला तरी तोंडातून शब्द काढला नाही, तोही घंटा झाली की चहाला येतो. कुणी त्याला नाजूक म्हणत नाही. दोन तास काम, मग चहा, कारण पडल्यावर उचलण्यापेक्षा पडायच्या आधी बसवणं सोपं. हे आपल्या लोकांनी केव्हाच ओळखलंय, त्यासाठी भांडून घंटा लावून घेतलीय. माझ्या बापाचा गोळीचा नियम मला पाठ होता आणि घंटेचा नियम डोळ्यांसमोर होता, आणि मी नेमका चुकीचा उचलला. गोळी म्हणजे चहाची सुट्टी समज. वेळ झाली की घ्यायची. कमावायची नसते.

आता खरं सांगते. मगाशी मी सगळं बापाच्या नियमावर ढकललं, ते पूर्ण खरं नाही. काल रात्रीपासून ते माझ्या मनाला लागून राहिलंय. नियम कंबरेचा आहे हे मला तेव्हाही कळत होतं, मी काही वेडी नाही. मी गोळ्या ठेवल्या, कारण मलाही वाटलं होतं की जरा दुखलंच पाहिजे. निर्णयाची खंत नव्हती, आजही नाही. पण वाटलं, तुझ्या वेळी सोसलं, तुझ्या भावाच्या वेळी सोसलं, मग हे असं सोप्यावर कसं सोडायचं? तू रविवारी गाडीपाशी जे बोललीस ना, अगदी तेच. तू बोललीस आणि माझ्या हातातलं बाळ मी जरा घट्ट धरलं, तुझ्या लक्षात आलं नसेल. मला वाटलं होतं, ही कल्पना फक्त माझ्याच डोक्यात आली असेल. ती तुला मी न बोलताच दिली की काय?

इमेल्डालाही मी शेवटी हेच विचारलं होतं. म्हटलं, बाकीच्या बायाही असं करतात का, मुद्दाम सोसतात? ती म्हणाली, "खूप जणी. आणि मी प्रत्येकीला एकच विचारते, तुझ्या दुखण्याचा कुणाला उपयोग झाला?" मी खरंच विचार केला, टेगन. उत्तर शोधायचा प्रामाणिक प्रयत्न केला. तुझ्या बाबाला? तो बिचारा दाराबाहेर पिशव्या भाजत होता, त्याचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं. मला? मी पीठ वाया घालवलं. तुला? तुझ्या वाढदिवसाला मी नव्हते. यादी संपली. तुझी यादी करून बघ. मार्नीचं नाव त्यात येत असेल तर सांगते, तिला काही उपयोग नाही. तिला येत्या रविवारी घरी आल्यावर आई हवी आहे, झोप झालेली, जेवलेली. आणि तू ज्या हातांनी सोसायचं म्हणतेस त्या हातांनी तिला उचलून घ्यायचंय. ती साडेनऊ किलोची आहे, मी लोकरीच्या काट्यावर वजन केलंय.

आता एकच गोष्ट राहिली, ती मी माझ्या गोष्टीत मुद्दाम गाळली. गालात गोळ्या धरून बसायचा अर्धा तास. दोन या गालात, दोन त्या गालात, हिरडीला टेकवून, आणि तोंड उघडायचं नाही. मला दुखण्यापेक्षा तो अर्धा तास जास्त आठवतो. अजून रक्त नव्हतं, कळ नव्हती, नुसतं तोंड बंद आणि भिंतीवरचं घड्याळ. तुझा बाबा समोर बसला होता, पण त्याचं बोलणं तुला माहीतच आहे. आणि मी, जी झोपेतही बोलते, ती गप्प. त्या शांततेत नको नको ते येऊन बसलं, आणि त्या खुर्चीतच मी माझी शिक्षा ठरवून मोकळी झाले. तुला त्या अर्ध्या तासात एकटीला सोडायचं नव्हतं. फोनचा उपयोग नाही, मी बोलेन तर तू उत्तर द्यायला जाशील. म्हणून हे लिहिलं. म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरात घातलं, "गोळ्या गालात गेल्याशिवाय फोडू नये", आणि लोकरीच्या ट्रकवाल्याला बजावलं की थेट जॅरडच्याच हातात द्यायचं. मार्नीला मोठ्याने वाचून दाखवलं, घड्याळ लावून. पहिल्या वेळी सोळा मिनिटं भरली, म्हणून स्नोच्या चहाची गंमत घातली. दुसऱ्या वेळी बावीस, म्हणून इमेल्डाला विचारलेले सगळे प्रश्न घातले. आता बरोबर अर्धा तास होतो, माझं अक्षर लावायला लागणारा वेळ आणि मध्ये कुठे रडलीस तर त्याची दोन मिनिटं धरून. बघ घड्याळ. साडेसातला गोळ्या गालात ठेवल्यास, म्हणजे आठ वाजले असतील. पाण्याचा मोठा घोट घे आणि गालात उरलंसुरलं गिळून टाक. झालं, तोंड मोकळं झालं. अर्धा तास मी एकटीच बोलले, आता तुझी पाळी. दुखायला लागलं की "दुखतंय" म्हण, जॅरडला स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हण. आपल्या घरात हे आजवर कुणी म्हटलेलं नाही. तू म्हण.

तुझीच, पिठाच्या हाताने फोन जवळ घेऊन बसलेली,
आई